गृहस्थ आणि अनिकेत

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या प्रिय भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील १९ व्या श्लोकात ‘अनिकेत’ हा शब्द आला आहे. निकेत म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनिकेत. या शब्दाचा अर्थ आसक्तीच्या अंगाने लावण्याचा प्रघात आहे. ज्याची बुद्धी परमेश्वराच्या ठायी स्थिर झाली, त्याला अमुक एक जागा आपली आणि बाकीची परकी, असे वाटेनासे होते. हा अर्थ यथार्थच आहे. परंतु या शब्दाचा एक दुरुपयोगही होतो, आणि तो पंडितांकडून नव्हे, तर साध्यासुध्या गृहस्थाकडून होतो. देवळाच्या पायरीवर किंवा रेल्वेच्या फलाटाच्या कडेला निजलेल्या माणसाकडे पाहून तो म्हणतो, ‘याला कसली चिंता! ना घर, ना दार. खरा सुखी हाच!’ असे म्हणून तो पुढे जातो, आणि आपण काही तत्त्वज्ञान बोललो असेही त्यास वाटते.

वस्तुतः घर सोडणे आणि घर सुटणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. संन्यासी घर सोडतो तेव्हा विधिपूर्वक सोडतो. त्याच्या मागे गुरूचा आशीर्वाद असतो, आणि त्याला भिक्षा घालणे हा समाज आपला धर्म समजतो. त्याच्या भगव्या वस्त्रातच एक प्रकारचे छप्पर असते. ज्याचे घर पुरात वाहून गेले, कर्जापायी लिलावात गेले, दुखण्यापायी विकले गेले; जिला वैधव्यानंतर दीर-भावजयांनी उंबऱ्याबाहेर काढले; ज्याचे चित्त भ्रमले आणि जो चालत चालत परमुलखात गेला, त्यांपैकी कोणीही संकल्प सोडून घराबाहेर पडलेले नाही. दुसऱ्याच्या दैन्यावर वैराग्याचे नाव लिहिण्याचा अधिकार कोणासही नाही. वैराग्य ही स्वतःपुरती वापरावयाची वस्तू आहे. दुसऱ्याच्या बाबतीत गीतेचे माप निराळे आहे, आणि ते सहाव्या अध्यायाच्या ३२ व्या श्लोकात दिलेले आहे: सर्वांचे सुख आणि दुःख स्वतःच्या उपमेने पाहावे. आपलाच मुलगा आज रात्री, जेथील भाषा त्याला येत नाही अशा गावी, फलाटावर निजला असता तर गृहस्थाने काय म्हटले असते? ‘खरा सुखी हाच’ असे खासच म्हटले नसते.

घर म्हणजे केवळ चार भिंती आणि छप्पर नव्हे. रात्री उशीर झाला असता कोणी तरी दिवा ठेवून वाट पाहात बसलेले आहे, ताटावर ताट झाकून ठेवलेले आहे, हे ज्याला ठाऊक असते त्याला घर आहे. ज्याची वाट कोणीच पाहात नाही तो बेघर. म्हणून बेघर माणसाची सेवा म्हणजे त्याच्या हातावर अन्न ठेवणे एवढेच नाही. त्याची वाट पाहणे ही ती सेवा होय. आपल्या शास्त्रकारांना हे नीट ठाऊक होते. वैश्वदेव झाल्यावर गृहस्थाने लगेच पानावर बसू नये. एक गाय दोहण्यास जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ अंगणात उभे राहून अतिथीची वाट पाहावी, असे पुराणवचन आहे. अतिथी आला तर जेवू घालावे, इतकेच सांगून ते थांबले नाहीत. तो येण्यापूर्वीच त्याच्यासाठी उभे राहावयास त्यांनी सांगितले.

हे वाट पाहणे जेथे शतकानुशतके आचरणात आले, असे एक क्षेत्र कावेरीच्या तीरावर आहे. तंजावरच्या उत्तरेस १०-१२ किलोमीटरांवर तिरुवैयारु नावाचे गाव आहे. ‘ऐयारु’ म्हणजे पाच नद्या. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या पाच प्रवाहांच्या प्रदेशातील म्हणून हे पंचनद क्षेत्र, आणि येथील महादेव तो पंचनदीश्वर. महाराष्ट्रीय वाचकास हे नाव बहुधा त्यागराजस्वामींच्या आराधनेमुळे परिचित असते. परंतु त्यागराजांच्या हजाराहून अधिक वर्षे अगोदर, सातव्या शतकात, एक वृद्ध शिवभक्त येथे आला होता. त्यांचे नाव तिरुनावुक्करसर. लोक त्यांना ‘अप्पर’ म्हणजे बाप म्हणत. त्यांच्या मूर्तीच्या खांद्यावर एक खुरपे असते. देवळाच्या आवारातील गवत काढणे, वाटा साफ करणे ही त्यांची नित्याची पूजा होती. तामिळ देशात आजही देवळाच्या स्वच्छतेसाठी सुट्टीच्या दिवशी मंडळ्या जमतात, त्या सेवेला त्या खुरप्याच्याच नावाने ‘उळवारप्पणी’ म्हणतात.

अप्परांस कैलासदर्शनाचा ध्यास लागला. ते उत्तरेकडे चालत निघाले. पाय झिजले तेव्हा हातांवर चालले, हात झिजले तेव्हा छातीने सरकू लागले, आणि शेवटी नुसते लोळत पुढे जाऊ लागले, असे परंपरा सांगते. परमुलखाच्या वाटेवर पडलेला तो म्हातारा त्या वेळी कोणी पाहिला असता, तर त्याला संत कोणी ओळखले असते? भगवान शंकरांनी एका तपस्व्याच्या रूपाने येऊन त्यांना तेथील सरोवरात बुडी मारावयास सांगितले. अप्परांनी बुडी मारली आणि ते वर आले ते तिरुवैयारुच्या पुष्करिणीत. कैलासाचे दर्शन त्यांना येथेच झाले. ते कसे झाले हे लक्षात घेण्यासारखे आहे. समोर हत्ती-हत्तिणीची जोडी दिसली, कोंबडा-कोंबडीची दिसली, पाखरांच्या जोड्या दिसल्या. वाटेने जाणारा जो जो जीव दृष्टीस पडला त्यात त्यांना शिवपार्वती दिसली. ज्याच्यासाठी कातडे सोलवटून घेतले तो देव गावाच्या रस्त्यावर हिंडत होता.

तिरुवैयारुहून जवळच तिंगळूर हे खेडे आहे. हल्ली यात्रेकरू तेथे चंद्राच्या क्षेत्राला म्हणून जातात. पण त्या गावाचे खरे भूषण म्हणजे अप्पूदि अडिगळ नावाचा एक ब्राह्मण गृहस्थ. त्याने अप्परांची कीर्ती ऐकली होती. त्यांना पाहिले मात्र नव्हते. त्याने वाटसरूंसाठी पाणपोई घातली, तळे खोदले, आणि साऱ्यावर नाव घातले तिरुनावुक्करसरांचे. मुलांचीही तीच नावे ठेविली. एके दिवशी खुद्द अप्पर त्या वाटेने आले. आपल्या नावाची पाणपोई पाहून ते चकित झाले, आणि त्यांनी यजमानाला विचारले, ‘आपले स्वतःचे नाव न घालता दुसऱ्या कुणाचे का घातले?’ अप्पूदि यांना या प्रश्नाचा रागच आला. पुढे पाहुणा कोण हे कळल्यावर त्यांच्या आनंदास सीमा राहिली नाही. स्वयंपाक सिद्ध झाला. थोरला मुलगा केळीचे पान आणावयास बागेत गेला असता त्यास सर्प डसला. पान आईच्या हाती देऊन तो पडला. अतिथी उपाशी जाऊ नये म्हणून आईबापांनी मुलाचे शव झाकून ठेविले आणि पाहुण्यास पानावर बसविले.

बाराव्या शतकातील शेक्किळार यांनी पेरियपुराणात ही कथा सांगितली आहे. अशा कथा ऐकल्या की श्रोते बहुधा आईबापांच्या धैर्याची स्तुती करतात. ती योग्यच आहे, जरी असा प्रसंग कोणावर येऊ नये हेच खरे. परंतु कथेचा प्राण पुढील वाक्यात आहे. भस्म लावण्याची वेळ आली तेव्हा पाहुणा विचारतो, ‘थोरला मुलगा कोठे आहे?’ पान मांडलेले, अन्न वाढलेले, भूक लागलेली. आणि तो वाटसरू घरातल्या न आलेल्या मुलाची वाट पाहतो. त्या प्रश्नामुळेच सत्य बाहेर आले, आणि कथेप्रमाणे मूल परत मिळाले. आपण ज्याला वाढतो तोही आपली चौकशी करू शकतो, त्याच्याही ठायी देण्यासारखे काही असते, हे ज्या सेवकाच्या ध्यानात येत नाही त्याची सेवा लवकरच धान्यवाटप होऊन बसते.

श्री त्यागराजस्वामी (१७६७–१८४७) हे तिरुवैयारुत संसारी गृहस्थ म्हणून राहिले. पोटासाठी त्यांनी उंछवृत्ती पत्करली होती. स्मृतीत उंछवृत्ती म्हणजे कापणी झालेल्या शेतात पडलेले दाणे वेचणे; दक्षिणेत तिचे स्वरूप असे झाले की भगवन्नाम गात दारोदार जावे आणि जे तांदूळ मिळतील त्यांवर त्या दिवसाचा निर्वाह करावा. समर्थ संप्रदायातील भिक्षेचे स्मरण येथे सहज होते. त्या संप्रदायाचे मठ तंजावर प्रांती त्यागराजांच्या पूर्वीपासून होते. राजाने धन देऊ केले असता त्यांनी ते नाकारले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या गावात आज पौष वद्य पंचमीच्या आराधनेला दूरदूरचे गायक-वादक येऊन बसतात, त्याच गावातील दारांशी तो महात्मा रोज उभा राहात असे. कोणी मूठभर घातले असेल, कोणी दार लोटूनही घेतले असेल. दाराशी कोण उभे आहे, हे त्या त्या घरच्या मंडळींना त्या वेळी कळण्याचा काहीही उपाय नव्हता.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. एका संध्याकाळी एक वृद्ध, त्याची पत्नी आणि त्यांच्याबरोबरचा एक सेवक असे तिघे थकलेले वाटसरू दाराशी आले. त्यागराजांनी त्यांना ठेवून घेतले. पण घरात शिधा नव्हता. पत्नी कमलांबा शेजारी उसने आणावयास निघाली, तेव्हा पाहुण्याने ‘आमच्याजवळ धान्य आहे’ असे सांगून तिला थांबविले. सर्वांनी मिळून भोजन केले, रात्र भजनात गेली. पहाटे पाहुणे निरोप घेऊन निघाले आणि पाहता पाहता त्यांच्या जागी राम, सीता व हनुमान दिसले. ज्याला चमत्कार मानावयाचा नसेल त्याने तो बाजूस ठेवावा. तरी एवढे शिल्लक राहतेच की, ज्या घरात दुसऱ्या दिवसाचे तांदूळ नव्हते त्या घराने पाहुण्याला ‘उद्या या’ म्हटले नाही. हल्लीच्या गृहस्थाची अडचण बहुधा याच्या उलट असते. घरात सर्व असते. फक्त संध्याकाळ मोकळी नसते.

एकट्या घराची शक्ती थोडी. म्हणून अतिथिधर्माला संस्थेचे रूप द्यावे लागते, आणि या बाबतीत तंजावरच्या मराठी राजांनी जे केले ते प्रत्येक महाराष्ट्रीय गृहस्थाने जाणून घेण्यासारखे आहे. तंजावरपासून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांनी छत्रे बांधली. काशी-रामेश्वर करणारे यात्रेकरू त्या वाटेने जात. सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी ओरत्तनाडु येथे १८०० च्या सुमारास मुक्तांबाळ छत्र स्थापन केले. मुक्तांबाळ ही त्यांची प्रिय सहचरी. ती विवाहित राणी नव्हती. मृत्युसमयी तिने स्वतःच्या नावाने अन्नछत्र मागून घेतले, असे सांगतात. पुढे तिरुवैयारुत त्यागराजांची समाधी ओस पडली असता ती आपल्या पैशाने बांधून काढणाऱ्या बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) याही देवदासी कुळातल्या. गृहिणी हे पद ज्यांना समाजाने दिले नाही अशा दोन स्त्रियांना दुसऱ्याच्या निवाऱ्याची आठवण व्हावी, यावर घरंदाज मंडळींनी थोडा विचार करावा.

१७९९ च्या तहाने सरफोजींचे राज्य कंपनी सरकारकडे गेले. त्यांच्याकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडासा भाग एवढेच उरले. यानंतर लौकरच, १८०१ च्या जानेवारीत, त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास एक पत्र लिहिले. राज्य गमावलेला राजा त्या पत्रात छत्रांविषयी लिहितो. आपला देश दानधर्मामुळे धर्मराज्य म्हणून ओळखला जातो, आणि हीच आपली खरी प्रतिष्ठा होय, असा त्या पत्रातील भाव आहे. छत्रांना लावून दिलेल्या जमिनी तशाच चालू राहाव्यात अशी विनंती आहे. आणि त्या ओघात छत्रात काय काय चालते याचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते वाचून मन भरून येते.

छत्रात ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, गोसावी, जोगी, जो कोणी वाटसरू येईल त्याला अन्न मिळे. शिजविलेले न खाणाऱ्यास कोरडा शिधा मिळे. भाताचे वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत, आणि अद्याप जेवले नसतील त्यांनी यावे म्हणून बोलावीत. त्यांच्यासाठी अन्न सिद्ध असे. ज्याला पुढचा प्रवास करवत नाही, त्याला तो राहील तोवर जेवण मिळे. आजाऱ्यासाठी वैद्य होता, औषध होते, पथ्याचे अन्न होते, आणि बरे होईपर्यंत त्याची आदराने शुश्रूषा होई. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गर्भवती स्त्री वाटेत अडली तर तिचे बाळंतपण छत्रात होई, आणि त्यानंतर तीन महिने तिला तेथे राहाता येई. वाटसरूंची पोरकी झालेली मुले शिक्षकाच्या हवाली करीत. त्यांना तीन वेळा जेवण मिळे, वस्त्रे मिळत, आणि दर चौथ्या दिवशी अंगाला तेल लावीत. ज्या विद्येची आवड दिसेल ती त्यांना शिकवीत, आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. जो गरीब छत्रात मरण पावे त्याचे अंत्यसंस्कार त्याच्या जातीच्या रीतीने होत.

दर चौथ्या दिवशी पोरक्या मुलाच्या अंगाला तेल! अन्न कोणीही देईल; परंतु चौथा दिवस कोण मोजील? आई मोजते. ज्याने हा नियम घातला त्याने छत्रात आईचे मन ठेविले होते. तीच गोष्ट मध्यरात्रीच्या घंटेची. दिवसभर पोटभर वाढून झाल्यावर दार लावून घेतले असते तरी छत्राच्या पुण्यात काही उणे पडले नसते. पण कोणी तरी राहिले असेल, अंधारात एखादा म्हातारा अजून चालत असेल, लाजेने कोणी ओसरीच्या कोपऱ्यात मुकाट बसला असेल, म्हणून घंटा वाजवावयाची. गोदोहनकाल अंगणात उभ्या राहणाऱ्या गृहस्थाचे हे राजघराण्यातील रूप होय.

येथे दोन गोष्टी सांगणे प्राप्त आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे पंगतींत जातिभेद होता; तो गुण म्हणून कोणी सांगू नये. आणि दुसरे, छत्रे मराठी राजांची म्हणून अभिमान धरताना हेही आठवावे की त्यांतील भात कावेरीकाठच्या तामिळ शेतकऱ्याने पिकविलेला होता. महाराष्ट्रातून पायी निघालेला यात्रेकरू, ज्याला तामिळचा एक शब्द कळत नसे, तो त्या अन्नावर रामेश्वरास पोचला. आज मुंबईच्या वा पुण्याच्या पदपथावर एखादा तामिळ, तेलुगू किंवा बंगाली बोलणारा भ्रमिष्ट मनुष्य बसलेला दिसतो, तेव्हा जुन्या पिढ्यांनी खाल्लेल्या त्या भाताचे ऋण दाराशी आले आहे असे का मानू नये?

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली. त्यांपैकी २ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. जनगणनेने बेघर कोणास म्हणावे हे ठरविताना पदपथ, पुलाखालची व जिन्याखालची जागा, मोठे नळ, रेल्वे फलाट यांच्या बरोबरीने देवस्थानांच्या उघड्या आवारांचाही उल्लेख केला आहे. म्हणजे बेघर माणूस देवाच्या दाराशी आधीच येऊन बसला आहे, हे सरकारच्या दप्तरीही नोंदलेले आहे. मोठ्या शहरांतून दर लाख वस्तीमागे एक याप्रमाणे अहोरात्र उघडी राहणारी निवारागृहे असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. ती शासनाने चालवावीत आणि नीट चालवावीत, हे उघड आहे. धर्मसेवेच्या नावाखाली शासनाला त्यातून मोकळे करण्याचे कारण नाही. परंतु शासन छप्पर देऊ शकते, खाट देऊ शकते; वाट पाहणे त्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही. ते काम गृहस्थाचे आहे.

ते काम हल्ली कसे होते? सणाच्या दिवशी एकाच देवळाच्या रांगेत चार चार मंडळ्या पुऱ्यांच्या पुड्या घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी तेथे कोणी नसते. वाहन न थांबविता पुडी हातात दिली जाते. थंडीत घोंगड्या वाटताना प्रथम छायाचित्रासाठी ओळीने उभे केले जाते. यात दुष्ट बुद्धी असते असे नाही. बहुतेक मंडळी भाविकच असतात. पण सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते येथे लावून पाहावेत. उपकाराची परतफेड होईल म्हणून, अथवा फळावर दृष्टी ठेवून दिले ते राजस. आणि तामस कोणते? देश-काल-पात्र न पाहता दिलेले, एवढेच नव्हे, तर सत्काराशिवाय आणि अवज्ञेने दिलेले. म्हणजे अन्न तेच, तूपही तेच, देणाराही शुद्ध वर्तनाचा. केवळ घेणाऱ्याकडे मान वळवून पाहिले नाही म्हणून ते दान तिसऱ्या पायरीवर घसरले. सत्काराला पैसा लागत नाही. नाव विचारणे, बसावयास सांगणे, हात धुवावयास पाणी देणे, आणि आपणही दोन घटका खाली बसणे, एवढाच त्याचा खर्च. तो अनेकांना फार जड जातो.

महाराष्ट्रात ज्यांनी हा खर्च आयुष्यभर केला ते गाडगे महाराज (१८७६–१९५६). १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि ते खऱ्या अर्थाने अनिकेत झाले. पण स्वतःच्या अनिकेतपणाचे माप त्यांनी दुसऱ्यास लावले नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारविल्या, बेघरांना आसरा देणे हे आपल्या शिकवणीत घातले, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. त्यांच्या नावाने मुंबईत दादर येथे जी धर्मशाळा चालते, तेथे कर्करोगाच्या उपचारासाठी दूरगावांहून आलेले रोगी व त्यांचे नातलग राहतात. एरवी ती मंडळी रुग्णालयाबाहेरच्या पदपथावरच राहिली असती. बाराव्या अध्यायातील ‘अनिकेत’ या शब्दाचा अर्थ कोणास कोशात न सापडल्यास त्याने तो या चरित्रात पाहावा.

चित्त भ्रमलेल्यांचे दुःख अधिक खोल आहे, कारण त्यांना स्वतःचे गावही आठवत नाही. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी कर्जत येथील श्रद्धा या संस्थेत अशा रस्त्यावरील मनोरुग्णांना आणून औषधोपचार करतात, आणि स्मृती परतली की त्यांना त्यांच्या राज्यांतील, त्यांच्या गावांतील घरी पोचवितात. या कार्यासाठी डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही काही धर्मसंस्था नव्हे. परंतु तिच्या अनुभवातून भाविकांनी एक गोष्ट अवश्य घ्यावी. ज्याला जग ‘वेडा’ म्हणून ओलांडून जाते, त्याची वाट पाहणारी आई पुष्कळदा कोठे तरी जिवंत असते. तिच्या घरी दिवा असतो. फक्त मधला रस्ता कोणी तरी जोडावा लागतो.

ज्या गावी भजनी मंडळ किंवा गीतापाठ आहे, तेथे असे कार्य आरंभण्यास फार सामग्री लागत नाही. तीन-चार गृहस्थ व गृहिणी यांनी एक जागा आणि एक वेळ ठरवावी आणि ती मोडू नये. सणावारी येणारे पुष्कळ असतात, म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी अवश्य जावे. बरोबर एक वही असावी. तीत भेटलेल्या माणसाचे नाव, त्याची बोली, आणि तो सांगेल तर गाव लिहावे. पुढच्या भेटीत त्याला नावाने हाक मारावी. काल होता तो आज दिसला नाही तर आसपास चौकशी करावी. ही चौकशी म्हणजेच मध्यरात्रीची घंटा. भाषा न कळल्यास गावात त्या भाषेचे कोणी आहे का ते शोधावे. प्रत्येक शहरात एखादे तामिळ वा बंगाली कुटुंब असतेच, आणि आपल्या बोलीतील दोन शब्द ऐकून कित्येक महिने न बोललेला मनुष्य बोलू लागतो. जखम किंवा ताप असेल तर नुसते औषध हाती न देता रुग्णालयात बरोबर जावे. स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे. कोणी अन्न नाकारले तर रागावू नये. त्याच्याजवळ नाकारण्याचा हक्क हीच एक मालमत्ता उरलेली असते. आणि सेवेच्या बदल्यात भजनास बसण्याची अट घालू नये.

वहीतील काही नावांपुढे एक दिवस मृत्यूची नोंद करावी लागेल. बेवारशी म्हणून त्यांची वाट लागू नये, यासाठी मंडळाने पोलीस ठाण्याशी व नगरपालिकेशी आधीच बोलून ठेवावे. आपल्या पितृकर्मातही अशांची जागा ठेवलेली आहे. आपल्या पितरांचे तर्पण झाल्यावर, ज्यांना आई नाही, बाप नाही, बंधू नाही, पाणी देणारे कोणीच नाही, त्यांच्यासाठी वेगळे पाणी सोडतात. महाराष्ट्रात धर्मपिंड देतात तेही अशाच अनामिकांना.

आषाढी अमावास्येस, म्हणजे ज्या दिवशी महाराष्ट्रात घरोघर दिवे घासून मांडतात त्या दिव्यांच्या अवसेला, बहुधा त्याच दिवशी तामिळ पंचांगातील आडी अमावास्या असते. तिरुवैयारुच्या पुष्यमंडप घाटावर त्या दिवशी पहाटेपासून लोक कावेरीत उतरतात, पितरांना पाणी देतात, आणि ज्यांचे कोणी नाही त्यांच्या वाट्याचे पाणीही त्याच प्रवाहात सोडले जाते. त्याच अमावास्येला पंचनदीश्वराच्या देवळात अप्परांच्या कैलासदर्शनाचा उत्सव होतो. घाटावरून ओल्या वस्त्रांनी वर आलेली माणसे देवळाकडे जातात, आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना हात पुढे करून माणसे बसलेली असतात.